लडलोचा पडका किल्ला पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून कोणी ना कोणी आमच्याकडे येतं, लंडन बघून कंटाळतं आणि विचारतं, "इथे एखादा खरा किल्ला नाही का? राजवाडा नको, किल्ला." मी त्यांना लडलोला नेतो. वाटेत आणि परतताना जे प्रश्न येतात ते जवळजवळ ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

लडलो नेमकं कुठे आहे? आणि हे नाव काय?

इंग्लंडच्या पश्चिमेला, श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेलगत. खाली टीम नदी वाहते, तिच्यावर एक टेकाड, टेकाडाच्या टोकाला किल्ला आणि किल्ल्याच्या पाठीशी गाव. नावाचा उगम जुन्या इंग्रजीत आहे: खळखळणाऱ्या पाण्याजवळची टेकडी. मराठी कानाला मात्र ते 'लढलो' असंच ऐकू येतं. फोनवर "काल लडलोला गेलो होतो" म्हटलं की पलीकडून "कोणाशी?" हा प्रश्न हमखास येतो.

नॉर्मन किल्ला म्हणजे काय?

१०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि इंग्लंडचा राजा झाला. सोबत आलेल्या सरदारांना त्याने जमिनी वाटल्या. परक्या मुलखात, परकी भाषा बोलणाऱ्या रयतेवर मूठभर लोकांना राज्य करायचं होतं. त्यासाठी त्यांनी देशभर किल्ले उभारले. बरेचसे किल्ले घाईचे होते: मातीचा उंच ढिगारा, त्यावर लाकडी मनोरा, भोवती लाकडी कुंपण.

लडलो वेगळा आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस लेसी घराण्याने तो बांधला, तो सुरुवातीपासून दगडात. खडक पायाखालीच होता. खंदक खोदताना निघालेला दगड तटाला वापरला. आपल्याकडेही हाच हिशेब दिसतो: टाकं खोदायचं आणि त्याच दगडाचं बांधकाम करायचं.

आपल्या गडांसारखा आहे का? चढ किती?

नाही, आणि चढ जवळजवळ नाहीच. गावाच्या चौकातून सरळ चालत दरवाजात शिरता येतं. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा दारातच म्हणाले, "एवढाच?" राजगड पायाखाली घातलेल्या माणसाने दुसरं काय म्हणावं!

पण उंचीच्या अपेक्षेने इथे येऊच नये. सह्याद्रीत डोंगर निम्मं संरक्षण करतो, तट उरलेलं. इथे नदीकडच्या बाजूला कडा आहे, बाकी सगळं माणसाने केलेलं. शिवाय हा किल्ला मुलूख राखण्याइतकाच गाव वसवण्यासाठी होता. आधी किल्ला झाला, मग बाराव्या शतकात त्याच्या दाराशी आखून-रेखून पेठ वसवली गेली. सरळ रस्ते, एकसारखे भूखंड. आजही गावात फिरताना ती आखणी पायांना कळते. म्हणून किल्ला तासाभरात उरकून गाव सोडू नका. बालेकिल्ला बघितला आणि पेठ राहिली, असं होईल.

आत गेल्यावर काय कुठे आहे?

दरवाजातून आत गेलात की मोठं हिरवं पटांगण लागतं. हा पडकोट. बारावं शतक सरत असताना तो वाढवला, त्यामुळे किल्ल्याचा आकार कैक पटीने वाढला. इथे तबेले, कोठारं, कामकरी, फौजेची वर्दळ. आज गवत. मुलं इथेच पळत सुटतात, त्यांना पळू द्या.

समोर उजवीकडे खडकात खोदलेला खंदक, त्यावर पूल, आणि पलीकडे बालेकिल्ला. बघण्यासारखं बहुतेक सगळं तिथे आहे: मोठा बुरुज, गोल चॅपल, आणि उत्तरेच्या तटाला टेकून उभी असलेली दिवाणखाना, खासगी दालनं आणि शौचकूपांच्या बुरुजाची रांग. हो, शौचकूपांचा वेगळा बुरुज. रायगडावर राणीवशातले शौचकूप पाहून ज्यांना कौतुक वाटलं होतं त्यांनी हाही पाहावा.

पुलापलीकडच्या दारावर दगडी राजचिन्हं दिसतील. तो भाग १५८१ मधला, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळचा. सर हेन्री सिडनी तेव्हा इथला मुख्य अधिकारी होता. मूळ नॉर्मन दार मात्र हे नव्हे.

मग मूळ दार कुठे गेलं?

हा प्रश्न आपणहून कोणी विचारत नाही, मीच विचारायला लावतो, कारण किल्ल्यातली सर्वांत मजेची गोष्ट हीच आहे.

आत जाणाऱ्या दाराशेजारी जो भलामोठा चौकोनी बुरुज आहे, तोच आधी दरवाजा होता. माणसं, घोडी, गाड्या त्याच्या पोटातून जात. बाराव्या शतकात कोणाला तरी वाटलं की शत्रू पहिला घाला दारावरच घालतो, तेव्हा दार हेच सर्वांत मजबूत ठिकाण करावं. मग बोगदा भिंत घालून बुजवला, शेजारच्या तटात नवं, लहान दार पाडलं, आणि जुन्या दरवाजाचा मुख्य बुरुज केला. आत तळमजल्यावर उभं राहून भिंतीकडे नीट पाहा. जुन्या वाटेच्या बाजूच्या शोभेच्या कमानी अजून दिसतात. कोठारात इतक्या सुंदर कमानी कशाला, असा प्रश्न पडला की उत्तर सापडलं म्हणून समजा.

ते गोल बांधकाम म्हणजे विहीर का?

नाही. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना तसंच वाटतं. ते मेरी मॅग्डलीनचं चॅपल, म्हणजे किल्ल्यातलं खासगी देवघर. बाराव्या शतकातलं. जेरुसलेममध्ये येशूच्या समाधीवर जे चर्च आहे त्याचा गाभा गोल, म्हणून धर्मयुद्धांच्या काळात युरोपात काही ठिकाणी गोल चर्चं बांधली गेली. इंग्लंडमध्ये अशी थोडीच उरली आहेत.

छप्पर नाही, पुढचा आयताकृती भागही पडून गेलाय, पण गोल भिंत पूर्ण उभी आहे. दाराच्या कमानीवरची नागमोडी नक्षी पाहा. एकापुढे एक दातेरी रेघा. नॉर्मन काम ओळखायची हीच सोपी खूण, पुढे कुठल्याही जुन्या चर्चच्या दारावर ती दिसली की तुम्ही शेजारच्याला शहाणपणाने सांगू शकाल. आत भिंतीलगत बुटक्या कमानींची माळ आहे. आत उभं राहून हळू आवाजात काहीतरी म्हणून बघा.

भिंतीत अधांतरी चुली कशा?

कारण मजले गेले, भिंती राहिल्या. उत्तरेकडच्या दालनांत मान वर केली की दहा-पंधरा हातांवर शेकोटी दिसते, तिच्यावर आणखी एक, आणि खाली जमीनच नाही. शेकोटीच्या खाली ओळीने चौकोनी भोकं असतात. तुळया त्यात बसवलेल्या होत्या. त्या भोकांची एक ओळ म्हणजे एक मजला. हे एकदा कळलं की पडकी भिंत वाचता येते: इथे खिडकीत बसायचा दगडी कट्टा, इथे दार, इथे बहुधा कोणीतरी थंडीत पाय शेकत बसलं असेल.

किल्ला पडला कसा? तोफांनी?

बहुतेकांना असंच वाटतं. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात १६४६ साली पार्लमेंटच्या फौजेने वेढा घातला होता खरा, पण किल्ला शरण गेला, त्याचा चुराडा झाला नाही. खरा घात १६८९ मध्ये झाला. वेल्स आणि सीमाभागाचा कारभार पाहणारी परिषद दोनशे वर्षं इथून चालत असे. ती त्या वर्षी बरखास्त झाली. कचेरी गेली, माणसं गेली. मग छपराचं शिसं काढून नेलं गेलं. शिसं महाग, आणि ते गेलं की पाणी आत. लाकूड कुजलं, मजले कोसळले. थोडक्यात, लडलो पाडला तो बदलीच्या हुकुमाने. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी कित्येक गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगाने उडवले. त्यांच्या स्वतःच्या किल्ल्याला दारूगोळा लागलाच नाही.

इथे कोण कोण राहून गेलं?

यादी लांबलचक आहे. मी तिघांचीच गोष्ट सांगतो.

रॉजर मॉर्टिमर. लग्नाने हा किल्ला त्याच्याकडे आला. लंडनच्या टॉवरमधून पळाला, फ्रान्सला गेला, इंग्लंडच्या राणीशी, इझाबेलाशी त्याचं जुळलं, दोघांनी मिळून १३२७ मध्ये तिच्या नवऱ्याला, दुसऱ्या एडवर्डला, गादीवरून खाली खेचलं. तीनेक वर्षं देश चालवला. १३३० मध्ये राणीच्याच मुलाने त्याला फासावर दिलं. उत्तरेकडच्या देखण्या दालनांपैकी काही त्याच्या वैभवाच्या काळातली.

दुसरा, चौथ्या एडवर्डचा मुलगा. १४७३ मध्ये, तीन वर्षांचाही नसताना, त्याला युवराज म्हणून इथे ठेवलं. शिक्षण इथेच. एप्रिल १४८३ मध्ये वडील वारल्याची बातमी आली आणि बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड लंडनला निघाला. काकाने वाटेतच त्याला ताब्यात घेतलं. टॉवरमध्ये धाकट्या भावासोबत ठेवला, त्यानंतर दोघं कोणालाच दिसली नाहीत. काका राजा झाला. "काका, मला वाचवा" ही हाक ज्यांच्या कानात शनिवारवाड्यापासून आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तिसरा आर्थर, सातव्या हेन्रीचा थोरला. नोव्हेंबर १५०१ मध्ये स्पेनच्या कॅथरीनशी लग्न झालं, थंडीत जोडपं लडलोला आलं, आणि २ एप्रिल १५०२ ला पंधरा वर्षांचा आर्थर आजाराने गेला. कॅथरीन पुढे त्याच्या धाकट्या भावाची, आठव्या हेन्रीची बायको झाली. ते लग्न मोडायला पोप तयार होईना, म्हणून हेन्रीने रोमशी नातं तोडलं. इतका सगळा उलथापालथीचा पसारा या किल्ल्यातल्या एका आजारपणापाशी येऊन थांबतो. आर्थरचं दफन वूस्टरच्या कॅथीड्रलमध्ये आहे.

किल्ल्याचा मालक कोण? क्लाइव्हचा इथे काही संबंध आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि मराठी माणसाने तरी हे माहीत करूनच आत शिरावं.

किल्ला खासगी मालकीचा आहे, पोविसच्या अर्लच्या (अर्ल ही तिथली सरदारी पदवी) घराण्याकडे. १८११ मध्ये राजाकडून तो १,५६० पौंडांना विकत घेणारा अर्ल होता एडवर्ड क्लाइव्ह, प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. रॉबर्ट मूळचा याच श्रॉपशरचा. हिंदुस्थानातून आणलेल्या पैशावर त्याने या भागात जमिनी घेतल्या. लडलोजवळचं ओकली पार्क त्यातलंच. मुलगा एडवर्ड वीस वर्षं लडलोचा खासदार होता, मग मद्रासचा गव्हर्नर. लग्न केलं पोविसच्या घराण्यातल्या हेन्रिएटाशी. तिचा भाऊ निपुत्रिक वारल्यावर पदवी नव्याने एडवर्डला मिळाली.

आता आपल्याकडे या. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच रॉबर्ट क्लाइव्ह कोकणात होता. अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार समुद्रातून आणि क्लाइव्हची पायदळ तुकडी जमिनीवरून, असा घेरियावर, म्हणजे आपल्या विजयदुर्गावर, हल्ला झाला. किल्ला तुळाजी आंग्र्यांचा. आणि इंग्रजांच्या बाजूला कोण? नानासाहेब पेशव्यांची फौज. आंग्र्यांचं आरमार जळालं, किल्ला पडला, लूट इंग्रजांनी आपसांत वाटली आणि पेशव्यांच्या हाती त्यातलं काही लागू दिलं नाही. किल्ला ताब्यात मिळवायलाही पेशव्यांना बाणकोट देऊन तह करावा लागला.

विजयदुर्गाच्या पैशाने लडलो विकत घेतला, असं मी म्हणत नाही. त्याला पुरावा नाही, आणि मधे पंचावन्न वर्षं आहेत. पण कोकणातला एक जिवंत किल्ला पाडायला गेलेल्या माणसाच्या मुलाने आपल्या गावचा मेलेला किल्ला जपायला विकत घ्यावा, हे त्या हिरवळीवर उभं असताना माझ्या तरी डोक्यातून जात नाही. किल्ल्यातल्या पाट्या वाचताना क्लाइव्ह हे नाव लागलं की जरा थांबा.

त्या घराण्याने आणलेल्या वस्तू लडलोत आहेत का?

लडलोत नाहीत. त्या पोविस कासलमध्ये, वेल्समधल्या वेल्शपूल गावाजवळ. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडलं तेव्हा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं एक डोकं तिथल्या संग्रहात आहे. गाडी असेल तर दोन दिवसांत दोन्ही होतं. आधी लडलो, मग पोविस, हाच क्रम ठेवा. उलट केलंत तर लडलोत लक्ष लागणार नाही.

किल्ल्यात भूत आहे का?

मुलांसाठी एक दंतकथा. किल्ल्यात मॅरियन नावाची मुलगी होती. शत्रूपक्षातल्या तरुणावर तिचा जीव जडला. एका रात्री तिने त्याच्यासाठी दोराची शिडी खाली सोडली. तो वर आला, पण शिडी तशीच लटकत ठेवून. मागून त्याची माणसं चढली आणि किल्ला पडला. मॅरियनने त्याचीच तलवार घेऊन त्याला मारलं आणि बुरुजावरून उडी टाकली. त्या बाजूने अजून श्वास ऐकू येतो म्हणतात. मला वारा ऐकू आला. पण गोष्टीचा धडा कुठल्याही किल्लेदाराला ओळखीचा वाटेल: कडा चढून गड घेणाऱ्यांपेक्षा आतून दोर सोडणारे जास्त.

याउलट ११३९ मध्ये इंग्लंडचा राजा स्टीफन याने घातलेल्या वेढ्यातली गोष्ट इतिहासकारांनी नोंदवलेली आहे. तटावरून टाकलेल्या लोखंडी आकड्यात स्कॉटलंडचा राजपुत्र हेन्री अडकून वर ओढला जाऊ लागला, तेव्हा खुद्द स्टीफन राजाने त्याला सोडवलं.

गोल जिने उजवीकडे वळतात ते तलवारीसाठी ना?

हे प्रत्येक वाटाड्या सांगतो: वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा राहावा म्हणून. ऐकायला झकास. पण डावीकडे वळणारे जिनेही किल्ल्यांत पुष्कळ आहेत, आणि अभ्यासकांचा या गोष्टीवर आता फारसा विश्वास नाही. मुलांना सांगायचं तर सांगा, फक्त शेवटी "असं म्हणतात" जोडा.

आई-बाबांना, लहान बाळाला जमेल का?

पडकोट आणि बालेकिल्ल्याचं पटांगण सहज जमतं. गवत आणि दगडी फरशी आहे, बाबागाडी ढकलता येते, हात थोडे दुखतील. बुरुजांचे जिने अरुंद, अंधारे आणि झिजलेले. गुडघेदुखी असणाऱ्यांनी खालीच बाकावर बसावं, खाली पाहण्यासारखंच जास्त आहे. साडी नेसून वर जायचं असेल तर निऱ्या खोचून. पावसानंतर दगड निसरडा होतो, कोकणातल्या शेवाळी पायऱ्यांसारखाच. चपला नकोत. कुत्रा पट्ट्याने बांधून नेता येतो.

तिकीट आणि वेळ?

तिकीट आहे. लोक इंग्लिश हेरिटेज किंवा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थांचं सदस्यत्व काढून येतात आणि दारात कार्ड दाखवतात. हा किल्ला त्यांच्या ताब्यात नाही, तेव्हा वेगळं तिकीट काढायची तयारी ठेवा. हिवाळ्यात वेळा आखडतात, कार्यक्रम असला की बंदही असतो, निघायच्या आधी किल्ल्याच्या संकेतस्थळावर बघाच. आत दोन तास, गावासह पूर्ण दिवस.

कसं जायचं?

आगगाडीने. श्रूझबरी ते हेरफर्ड मार्गावर लडलो स्टेशन आहे. मँचेस्टर किंवा कार्डिफहून थेट गाड्या मिळतात. लंडनहून पॅडिंग्टन ते हेरफर्ड, मग पुढे साधारण पंचवीस मिनिटं. बर्मिंगहॅमहून हेरफर्ड किंवा श्रूझबरीला बदला. स्टेशनवरून किल्ला चालत दहा-पंधरा मिनिटं, थोडा चढ. आमच्या सासऱ्यांनी ज्याची अपेक्षा केली होती तो चढ एवढाच.

खायचं काय? शाकाहारी लोकांचं काय?

लडलो खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. १९९५ पासून सप्टेंबरमध्ये किल्ल्याच्या पटांगणातच खाद्यमहोत्सव भरतो. किल्ल्यासमोरच्या चौकात आठवड्यातले बरेच दिवस बाजार असतो. चीज, ब्रेड, फळं, केक, चहा: शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फक्त 'पाय' (pie, म्हणजे पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ) दिसला की आत काय आहे ते विचारा, आणि आवरणात काय आहे तेही. पारंपरिक पोर्क पायचं पीठ डुकराच्या चरबीत मळतात. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. पडकोटाच्या गवतावर ती जास्त चांगली लागते.

उरलेल्या वेळात काय पाहू?

सेंट लॉरेन्सचं चर्च, त्याचा मनोरा ४१ मीटर उंच. पश्चिमेला वेल्सचे डोंगर दिसतात. गावाच्या तटाचा एकमेव शिल्लक दरवाजा, ब्रॉड गेट, ज्याच्या डोक्यावर पुढे कोणीतरी चक्क घर बांधलं. फेदर्स हॉटेलचा १६१९ चा काळ्या-पांढऱ्या लाकडी नक्षीचा दर्शनी भाग, बाहेरूनच पुरे. एका स्टेशनावर क्रेव्हन आर्म्स, तिथून चालत स्टोकसे कासल: तेराव्या शतकात लडलोच्याच एका लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेली गढी, छपरासकट शाबूत. तिथे इंग्लिश हेरिटेजचं कार्ड चालतं.

फोटो कुठून चांगला येतो?

आतून नाही. किल्ल्याच्या तटाखालून डिनहॅम पुलाकडे उतरा, टीम ओलांडा आणि पलीकडच्या व्हिटक्लिफ टेकडीवर चढा. दुपारी चारनंतर ऊन किल्ल्याच्या पश्चिम अंगावर येतं, तट तांबूस होतो, मागे चर्चचा मनोरा आणि गावाची कौलं. पायाखालच्या खडकात बारीक शिंपले दिसतील. ते चाळीस कोटी वर्षांहून जुन्या समुद्रातले आहेत, आणि भूशास्त्रज्ञांनी त्या कालखंडाला नावच दिलंय लडलो.